घरचा मसाला आणि कारखान्याचा डबा
(माहितीकोशातील स्वतः लिहिलेल्या फंक्शनांविषयी, जपानमधील अनुभवासह)

जपानला येऊन राहिलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला एका फॉर्मची ओळख पहिल्या आठवड्यातच होते. वॉर्ड ऑफिसात गेले, बँकेत गेले की दवाखान्यात गेले, जन्मतारखेच्या रकान्यापाशी पेन थबकते. तिथे 'शोवा', 'हेइसेइ' अशी नावे छापलेली असतात आणि त्यातल्या एकाभोवती गोल काढून पुढे वर्ष लिहायचे असते. पुण्या-मुंबईत इसवी सनात जन्मलेला माणूस येथे सम्राटाच्या कारकिर्दीत जन्मतो. आपल्यापैकी बहुतेकांनी 'शोवासाठी 1925 वजा, हेइसेइसाठी 1988 वजा' ही युक्ती पाठ करून टाकली आहे. 2019 नंतर तिच्यात 'रेइवासाठी 2018 वजा' अशी भर पडली.

आपण मनातल्या मनात करतो ती ही वजाबाकी संगणकाला शिकवायची झाली तर ती कुठे लिहून ठेवावी, हा या लेखाचा विषय. प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याचे चुकीचे उत्तर दिल्याबद्दल मी स्वतः एका कार्यालयात खाली मान घालून उभा राहिलो आहे. ती हकीकत पुढे येईलच. आपल्या मंडळात माहिती तंत्रज्ञानातले सभासद बरेच असले तरी हा लेख त्यांच्यापुरता नाही. ज्यांनी कधी प्रोग्रॅमची एक ओळही लिहिलेली नाही त्यांनाही तो समजावा, असा प्रयत्न आहे.

तक्ते आणि प्रश्न

आधी थोडी पूर्वपीठिका. 1970 साली आय.बी.एम.मधील एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि वापरणाऱ्याने 'काय हवे' एवढेच सांगावे, 'कसे शोधावे' हे यंत्राने ठरवावे, असा त्याचा सारांश. यालाच आपण रिलेशनल डेटाबेस म्हणतो. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, दवाखान्याची नोंद हे सारे आज बहुधा अशाच तक्त्यांत असते. त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एस.क्यू.एल. 'ज्यांची तारीख जूनमध्ये येते ते सगळे ग्राहक दे' अशा धाटणीची ही भाषा आहे.

या भाषेत काही क्रिया तयार मिळतात. बेरीज, सरासरी, मोजदाद, अक्षरे लहानमोठी करणे, तारखेतून महिना काढणे, वगैरे. यांना फंक्शन म्हणतात. आत काही घातले की बाहेर उत्तर येते. ही फंक्शने म्हणजे दुकानात मिळणारा तयार मसाला. त्यावर बरेच दिवस निभावते, पण घरोघरीचा गोडा मसाला वेगळा असतो. कोकणातल्या घरात एक प्रमाण, सोलापूरकडे दुसरे. ते कारखान्याने कुठून ओळखावे? म्हणून आपण आपला मसाला एकदाच कुटून डब्यात भरतो, डब्यावर नाव लिहितो आणि मग आमटी असो की भरली वांगी, त्याच डब्यातला चमचा वापरतो. प्रमाण बदलायचे ठरले तर डब्यात बदलायचे. प्रत्येक भाजीची कृती पुन्हा लिहावी लागत नाही.

स्वतः लिहिलेले फंक्शन म्हणजे नेमका हाच डबा. संस्थेचा खास नियम एकदा लिहायचा, त्याला नाव द्यायचे आणि ते माहितीकोशातच ठेवून द्यायचे. त्यानंतर विक्रीचा प्रोग्रॅम असो, हिशेबाचा असो वा एखाद्या अधिकाऱ्याने घाईत विचारलेला एकटादुकटा प्रश्न असो, सगळे एकच नाव घेतात आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळते. नियमाच्या पाच प्रती पाच ठिकाणी असल्या की त्यांतली एक केव्हातरी जुनी राहते. तो धोका इथे टळतो.

कर्जरोख्याचा महिना

हा डबा डेटाबेसमध्ये आला कसा, याचीही एक गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सत्तरच्या दशकात इंग्रेस नावाचा डेटाबेस उभा केला होता. त्यात पुढे तारखांची सोय झाली. दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस मिळत, आणि तेही लीप वर्षाचा विचार करून. एका ग्राहकाने तक्रार केली की वजाबाकी चुकते. त्याचा व्यवहार कर्जरोख्यांचा होता आणि त्या व्यवहारात अनेक ठिकाणी प्रत्येक महिना 30 दिवसांचाच धरतात. 15 फेब्रुवारी ते 15 मार्च हे अंतर पंचांगाने 28 किंवा 29 दिवस, पण रोख्याच्या व्याजासाठी 30. दोघांचेही बरोबर. स्टोनब्रेकर यांनी ही गोष्ट नंतर अनेकदा सांगितली आहे. 'वजाबाकी' म्हणजे काय हे डेटाबेस बनवणाऱ्याने ठरवून चालत नाही, वापरणाऱ्याला ते सांगता आले पाहिजे, असा धडा त्यांनी घेतला. 1986 च्या सुमारास सुरू झालेल्या पोस्टग्रेस या पुढच्या प्रकल्पात नवे प्रकार आणि नवी फंक्शने वापरणाऱ्याने स्वतः घालण्याची सोय मुळापासूनच ठेवली गेली. 2014 सालचा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

त्याच पोस्टग्रेसचा वंशज पोस्टग्रेस-क्यू-एल जपानमध्ये फार लोकप्रिय झाला. जपानी लिपीची अक्षरे एका बाइटात मावत नाहीत. त्यांची व्यवस्था लावण्याच्या कामात तात्सुओ इशिइ यांच्यासारख्या जपानी तंत्रज्ञांनी नव्वदच्या दशकात मोठा वाटा उचलला आणि 1999 साली वापरकर्त्यांची संघटनाही येथे स्थापन झाली. माझी रोजची भाकरी याच डेटाबेसवर आहे, म्हणून पुढची उदाहरणे त्यातली.

सम्राटांचे कोष्टक

आता जपानी वर्षाकडे वळू. पाठ केलेली वजाबाकी फंक्शनात घातली की काम झाले, असे वाटते. पण 1989 हे वर्ष घ्या. 7 जानेवारीपर्यंत ते शोवा 64 होते आणि 8 जानेवारीपासून हेइसेइ 1. शोवा 64 हे वर्ष अवघे सात दिवसांचे. म्हणजे नुसते '1989' सांगून उत्तर देता येत नाही, पूर्ण तारीख हवी. तसेच 2019 चे. 30 एप्रिलला हेइसेइ 31 संपले आणि 1 मे रोजी रेइवा 1 लागले. नवे नाव जाहीर झाले 1 एप्रिलला, म्हणजे आधी फक्त एक महिना. तोवर हेइसेइ 33 सारख्या कधीच न उजाडणाऱ्या वर्षांच्या मुदती वाहन परवान्यांवर छापल्या गेल्या होत्या. त्या ग्राह्यच राहिल्या, पण संगणकाला मात्र भाषांतर करावे लागले.

आपल्याला यात नवल वाटू नये. छत्रपतींच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे 1674 पासून, राज्याभिषेक शक सुरू झाला आणि त्याचे वर्ष ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला पालटे. शालिवाहन शकात 78 मिळवा ही युक्तीही चैत्र ते मार्गशीर्ष बरी चालते. पौषापासून पुढे इसवी सन बदलतो आणि ती डळमळते. तिथीवरून नेमकी तारीख काढायला तर सूत्र नाहीच, जंत्रीच उघडावी लागते. इतिहास संशोधक तेच करत आले आहेत.

सांगायचा मुद्दा असा की असे नियम सूत्रात कोंबू नयेत, कोष्टकात ठेवावेत. माहितीकोशात एक लहानसा तक्ता करायचा. त्यात कारकिर्दीचे नाव आणि ती कोणत्या दिवशी सुरू झाली, एवढे दोनच रकाने. फंक्शन दिलेली तारीख घेते, तिच्याआधी सुरू झालेली सर्वांत अलीकडची कारकीर्द शोधते आणि वर्ष मोजून उत्तर देते. नवा सम्राट आला की तक्त्यात एक ओळ वाढवायची, फंक्शनाला हातही लावायचा नाही. मीही असेच केले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

तीन शिक्के

फंक्शन लिहिताना पोस्टग्रेस आपल्याला त्याच्या स्वभावाविषयी एक साक्ष द्यायला सांगतो. शिक्के तीन आहेत. पहिला व्होलाटाइल, म्हणजे चंचल. दर वेळी विचारले तर वेगळे उत्तर येऊ शकते, जसा पुढचा पावती क्रमांक. दुसरा स्टेबल, म्हणजे एका प्रश्नापुरते स्थिर. त्या प्रश्नाचे काम चालू असेतो उत्तर बदलणार नाही, पण उद्या बदलू शकेल. कोष्टकात पाहून उत्तर देणारी फंक्शने या जातीची. तिसरा इम्म्यूटेबल, म्हणजे अचल. तेच आत घातले तर तेच बाहेर येणार, आज आणि शंभर वर्षांनीही. चारचा वर्ग सोळा, यासारखे.

हा शिक्का बरोबर आहे का, हे डेटाबेस तपासत नाही. तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासावर पुढची आखणी करतो. अचल म्हटलेले उत्तर तो एकदाच काढून सूचीत लिहून ठेवतो. सूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी अनुक्रमणी, अर्थात इंडेक्स. पुढे कोणी विचारले तर पुन्हा हिशेब न करता सूचीतले लिहिलेले वाचतो. काम झपाट्याने होते ते यामुळेच.

माझी चूक

आमचा एक ग्राहक इमारतींमधील लिफ्टची देखभाल करीत असे. दर लिफ्टच्या पुढच्या तपासणीची तारीख एका तक्त्यात असे, आणि कार्यालयातील मंडळी ती जपानी वर्ष-महिन्याने शोधत. त्यांना 'हेइसेइ 30, जून' असे टंकून यादी हवी असे. तारखेवरून असे वर्ष-महिना देणारे फंक्शन मी लिहिले आणि त्यावर प्रामाणिकपणे 'स्थिर' हा शिक्का मारला. शोध मंद वाटू लागला तेव्हा त्या फंक्शनाच्या उत्तरांची सूची करायला गेलो. डेटाबेसने नकार दिला. सूचीत वापरायचे फंक्शन अचलच हवे, असे त्याने स्वच्छ शब्दांत सांगितले. मी काय करावे? मनाशी म्हटले, सम्राट काय रोज बदलतो? आणि 'स्थिर' खोडून 'अचल' लिहिले. सूची झाली, शोध क्षणात होऊ लागला, सगळे खूश.

2019 च्या एप्रिलमध्ये नवे नाव जाहीर होताच मी कोष्टकात पाचवी ओळ घातली. मेइजी, ताइशो, शोवा, हेइसेइ आणि आता रेइवा. 'आमच्याकडे बदल पाच मिनिटांचा' असे बैठकीत सांगितल्याचेही आठवते. चाचणी केली होती, पण चाचणीच्या तक्त्यात माहिती भरली ती पाचवी ओळ घातल्यानंतर. त्यामुळे तिथली सूची ताजीच होती आणि सगळे बरोबर आले.

त्या वर्षी गोल्डन वीकची सुट्टी सलग दहा दिवसांची होती. 7 मे रोजी कार्यालये उघडली. त्या कंपनीत बरीच वर्षे काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी 'रेइवा 1, जून' असे टंकून यादी काढली आणि दुपारी मला फोन केला. आवाज अतिशय नम्र. "आमचीच काही चूक होत असेल, पण वृद्धाश्रमाची ती इमारत यादीत दिसत नाही. क्रमांक घालून उघडली तर मात्र दिसते, आणि तिच्यावर रेइवा 1, जून असेच लिहिलेले आहे."

मला घाम फुटला, कारण कारण ताबडतोब कळले. जूनच्या बऱ्याच तारखा मागच्या वर्षीच नोंदल्या होत्या. तेव्हा कोष्टकात रेइवा नव्हते, म्हणून सूचीत त्यांची नोंद 'हेइसेइ 31, जून' अशी झाली होती. उत्तर अचल आहे, अशी माझी साक्ष. मग डेटाबेसने ती नोंद कशाला बदलावी? पडद्यावर दाखवताना फंक्शन नव्याने चाले आणि बरोबर उत्तर येई. शोधताना मात्र जुनी सूची वाचली जाई. त्यामुळे वस्तू दिसत होती, पण सापडत नव्हती. यादी पूर्ण रिकामी आली असती तर कोणाच्याही लक्षात आले असते. एप्रिलनंतर नोंदलेल्या तारखा सूचीत योग्य नावाने गेल्या होत्या, म्हणून यादी अर्धवट आली, आणि अर्धवट यादी पूर्ण यादीसारखीच दिसते.

त्या बाई वर्षानुवर्षे एक कागदी वही ठेवत. त्या वहीशी ताडून पाहिल्यामुळेच उणीव सापडली. वृद्धाश्रमाच्या त्या लिफ्टची तपासणी वेळेवर झाली. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना जिन्याचा पर्याय नसतो, हे त्या दिवशी मला जितके जाणवले तितके आधी कधी जाणवले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी उलट वहीबद्दलच संकोच व्यक्त केला, की संगणक असताना वही ठेवली म्हणून!

दुरुस्ती दोन पायऱ्यांची होती. तातडीची म्हणजे सूची पुन्हा बांधणे. खरी दुरुस्ती मात्र प्रश्नाची दिशा उलटवण्यात होती. तक्त्यातल्या प्रत्येक तारखेचे जपानी वर्ष काढून ते 'रेइवा 1, जून'शी जुळवण्याऐवजी, विचारलेल्या 'रेइवा 1, जून'चेच एकदा भाषांतर करायचे: 1 जून 2019 पासून 30 जून 2019 पर्यंत. मग साध्या तारखेच्या सूचीत शोधायचे. तारीख खरोखरच अचल आहे, तिचे नाव बदलते. फंक्शन पुन्हा 'स्थिर' झाले, आणि शोध पूर्वीइतकाच जलद राहिला.

चमचा कोणत्या भांड्यात

मसाला चांगला असून भागत नाही, तो केव्हा घालावा हेही कळावे लागते. जपानी उपभोग कर याचे चांगले उदाहरण आहे. 1 एप्रिल 1989 रोजी तो 3 टक्क्यांनी सुरू झाला, 1997 साली 5 झाला, 2014 साली 8, आणि 1 ऑक्टोबर 2019 पासून 10. त्याच वेळी मद्य आणि हॉटेलातले खाणे सोडून अन्नपदार्थांना 8 टक्केच ठेवले. दर तारखेवर आणि वस्तूवर अवलंबून, म्हणून पुन्हा कोष्टक आणि फंक्शन. सप्टेंबर 2019 मध्ये विकलेली वस्तू ऑक्टोबरात परत आली तर दर विक्रीच्या दिवसाचा लागतो. तेव्हा फंक्शनाला 'आज' नव्हे, विक्रीची तारीख द्यायची.

पण येन तर पूर्णांकात असतो. समजा एखाद्या दुकानाने 98 येनच्या डाळीच्या तीन पुड्या विकल्या आणि अपूर्णांक सोडून देण्याची पद्धत ठेवली. प्रत्येक ओळीवर फंक्शन चालवले तर 7.84 चे 7, तीन ओळींचे 21. एकूण 294 वर एकदाच चालवले तर 23.52 चे 23. दोन येनांचा फरक. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या इन्व्हॉइस पद्धतीत एका बिलावर एका दरासाठी अपूर्णांकाची तडजोड एकदाच करायची असते. म्हणजे फंक्शन तेच, पण ते ओळीओळीला लावले तर चूक आणि बेरजेला लावले तर बरोबर. आणखी एक पथ्य असे की ग्राहकाला दिलेल्या बिलावरचा कर तक्त्यात आकडा म्हणून जपावा. तो आता हिशेब राहिलेला नसतो, घडून गेलेली गोष्ट असते.

आपल्या घरातले उदाहरणही आहे. जपानमध्ये 2 एप्रिल ते पुढच्या 1 एप्रिलपर्यंत जन्मलेली मुले एका वर्गात जातात. 1 एप्रिलचे मूल आधीच्या तुकडीत का, असा प्रश्न पुष्कळ पालकांना पडतो. 1902 च्या वयगणनेच्या कायद्यानुसार वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पूर्ण होते. 1 एप्रिल 2016 ला जन्मलेल्या मुलाला 31 मार्च 2022 ला सहा वर्षे पूर्ण झाली आणि ते दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. 2 एप्रिलचे मूल 2023 मध्ये. फंक्शनात हा सगळा कायदा 'आधी एक दिवस वजा कर' एवढ्या पायरीत बसतो. हे फंक्शन खरे अचल. कायदाच बदलेपर्यंत, असे म्हणायचा मोह होतो, पण कायदा बदलला तर फंक्शनच नव्याने लिहावे लागेल आणि त्यावर उभी असलेली सूचीही नव्याने बांधावी लागेल. कोष्टक गुपचूप बदलणे आणि फंक्शन उघडपणे बदलणे यांत हाच फरक.

वेगाची किंमत आणि पवई

शेवटी वेगाविषयी. दहा लाख ओळींवर फंक्शन लावले तर ते दहा लाख वेळा चालते, आणि ते दर वेळी कोष्टक उघडत असेल तर दहा लाख वेळा कोष्टक उघडले जाते. खिडकीवरचा कारकून प्रत्येक ग्राहकामागे उठून साहेबांना विचारायला गेला तर रांगेचे काय होईल? म्हणून अनुभवी मंडळी कित्येक वर्षे 'फंक्शन नकोच' असे सांगत आली. या प्रश्नावर महत्त्वाचे काम झाले ते मुंबईत, पवईच्या आय.आय.टी.त. प्रा. सुदर्शन आणि त्यांचे सहकारी यांनी फंक्शनातील पायऱ्या उलगडून त्यांचे एका अखंड प्रश्नात रूपांतर करण्याच्या पद्धती शोधल्या. तेथेच डॉक्टरेट केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे त्यांनी सहकाऱ्यांसह फ्रॉइड नावाचा प्रकल्प केला आणि ती सोय एस.क्यू.एल. सर्व्हरच्या 2019 च्या आवृत्तीत आली. साहेबांचा नियमच कारकुनाच्या टेबलावर लिहून ठेवावा, तसे हे. पोस्टग्रेसही एका वाक्याची साधी एस.क्यू.एल. फंक्शने अशीच उलगडून घेतो.

असो. तरुण सभासदांनी मला विचारले तर मी इतकेच सांगतो. नियम एकाच ठिकाणी लिहा, बदलणारे ते कोष्टकात ठेवा, फंक्शन ओळीला लावायचे की बेरजेला हे आधी ठरवा, आणि यंत्राने नकार दिला तर त्याला गप्प करण्यासाठी शिक्का बदलू नका. ते आपल्या शब्दावर विश्वास ठेवते, म्हणूनच शब्द जपून द्यावा. त्या लिफ्ट कंपनीतल्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर मी एक लहानसे फंक्शन लिहिले. ते दर महिन्याला यादी दोन वेगळ्या मार्गांनी काढते आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहते. त्याला मी नाव दिले आहे 'वही'.